महामारीनंतर गावाच्या खात्यात आलेला पैसा: पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरोनाच्या लाटा ओसरल्यानंतर गावोगावचे सदस्य, सरपंच, बचत गटातील महिला आणि साधे करदाते जे प्रश्न सातत्याने पाठवत आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचे आहेत. शहरे आणि गोवा यांच्यासंबंधीचे प्रश्न शेवटाकडे आहेत. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी म्हणजे नेमके काय? तो आमदार-खासदार आणतात का?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० नुसार नेमला जाणारा वित्त आयोग केंद्राच्या करउत्पन्नातून राज्यांना किती वाटा द्यावा हे सुचवतो, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींना द्यायच्या अनुदानाविषयीही शिफारस करतो. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालील पंधराव्या आयोगाने आधी २०२०-२१ या एका वर्षासाठी अंतरिम अहवाल दिला आणि नंतर २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी अंतिम अहवाल दिला. त्यामुळे या निधीचा काळ एकूण सहा वर्षांचा होतो, आणि योगायोगाने ही सहा वर्षे कोरोनाचा प्रादुर्भाव आणि त्यातून सावरणे यांचीच आहेत. पहिल्या वर्षी देशभरातील ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी ६०,७५० कोटी रुपये, तर पुढील पाच वर्षांसाठी २,३६,८०५ कोटी रुपये ठरवण्यात आले.

हा पैसा केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून थेट पंचायतीकडे मुख्यतः लोकसंख्येच्या सूत्राने येतो. तो कोणाच्या शिफारसपत्राने वाढत नाही आणि कोणाच्या नाराजीने कमी होत नाही. म्हणून या निधीतून झालेल्या कामावर ‘अमुक यांच्या प्रयत्नांतून’ असा फलक लावणे चुकीचे आहे, आणि ग्रामसभेत कोणीही ते शांतपणे निदर्शनास आणून द्यावे.

२. चौदाव्या आयोगाचा सगळा पैसा ग्रामपंचायतीला मिळत होता. आता कमी का झाला?

चौदाव्या आयोगाने अनुदान केवळ ग्रामपंचायतींना दिले होते. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यात वाटा नव्हता. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना वाटा द्यायचा ठरवला आणि राज्यांना ठरावीक मर्यादेत प्रमाण निवडू दिले. महाराष्ट्राने ग्रामपंचायतींना ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के असे प्रमाण स्वीकारले. वरच्या दोन स्तरांच्या वाट्याचे २०२२ नंतर काय झाले, हे प्रश्न १२ मध्ये पहावे.

३. बंधित आणि अबंधित निधी यांत फरक काय? दोन्ही एकाच खात्यात का दिसतात?

अबंधित निधी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील (पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या) २९ विषयांपैकी गावाला ज्याची गरज वाटेल त्यावर खर्च करता येतो. वेतन आणि आस्थापना खर्च मात्र त्यातून करता येत नाही. बंधित निधी दोनच कारणांसाठी असतो. त्याचा अर्धा भाग स्वच्छता आणि हागणदारीमुक्त दर्जा टिकवण्यासाठी, तर उरलेला अर्धा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांसाठी वापरायचा असतो.

२०२०-२१ मध्ये बंधित आणि अबंधित यांचे प्रमाण निम्मे-निम्मे होते. २०२१-२२ पासून ते ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित झाले. समजा, एखाद्या गावाच्या नावे वर्षाला १० लाख रुपये आले. पहिल्या वर्षी त्यांतील ५ लाख गावाच्या पसंतीचे होते. पुढील वर्षांत ते ४ लाखांवर आले आणि ३ लाख स्वच्छतेला व ३ लाख पाण्याला बांधले गेले. हात धुणे, स्वच्छ पाणी आणि सांडपाणी यांचे महत्त्व महामारीने सर्वांना पटवले होते, म्हणून हे बंधन समजण्यासारखे आहे. परंतु रोजगार गेलेल्या, शाळा बंद पडलेल्या आणि आरोग्य उपकेंद्राला कुलूप असलेल्या गावाला याच काळात मोकळा पैसा अधिक हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाते एकच असले तरी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीत (प्रश्न १९) दोन्हींची नोंद वेगळी होते. त्यामुळे खात्यात शिल्लक दिसली की ती हव्या त्या कामाला वापरता येईल, असे समजू नये.

४. शेजारच्या गावाची वस्ती आमच्यापेक्षा कमी दिसते, तरी त्यांना जास्त पैसे कसे?

वाटप करताना ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के भार क्षेत्रफळाला दिला जातो. लोकसंख्या धरली जाते ती २०११ च्या जनगणनेची, आणि २०२१ ची जनगणना तर महामारीमुळे लांबली. औद्योगिक वसाहतीजवळच्या ज्या गावांत भाड्याने राहणाऱ्यांची संख्या गेल्या दशकभरात अनेक पटींनी वाढली, त्यांना कचरा आजचा उचलावा लागतो आणि अनुदान मात्र जुन्या शिरगणतीवर मिळते. हा अन्याय खरा आहे. मात्र तो दूर करणे ग्रामपंचायतीच्या किंवा गटविकास अधिकाऱ्यांच्या हातात नाही.

५. २०२० मध्ये मंजूर झालेले आमच्या गावचे रस्त्याचे काम अचानक रद्द झाले. वित्त आयोगाने पैसे काढून घेतले का?

बहुधा ते काम राज्य शासनाच्या निधीतील असावे. टाळेबंदीत राज्याचे करउत्पन्न कोसळल्यानंतर वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी शासन निर्णय काढून विभागांना त्या वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे ठरवले आणि नवीन कामे हाती घेण्यास मनाई केली. आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा मोजक्या विभागांना प्राधान्य राहिले. खासदार स्थानिक विकास निधीही केंद्राने एप्रिल २०२० मध्ये दोन आर्थिक वर्षांसाठी थांबवला होता; तो नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. जिल्हा वार्षिक योजनेतील ३० टक्क्यांपर्यंत निधी २०२१ मध्ये कोरोना उपाययोजनांकडे वळवण्यास परवानगी देण्यात आली.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की गावाच्या हाती नियमित येणारा असा वित्त आयोगाचाच पैसा उरला, आणि एरवी दुसऱ्या खात्यांकडून होणाऱ्या अनेक गोष्टींचा भार त्याच्यावर येऊन पडला. पुढील प्रश्नांतील बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

६. कोरोनासाठी हा निधी वापरणे नियमात बसत होते का? आमच्याकडे विलगीकरण कक्षावर झालेल्या खर्चावर आजही वाद आहे.

बसत होते. केंद्राने मे २०२१ मध्ये २५ राज्यांच्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी ८,९२३.८ कोटी रुपये मुदतीआधी सोडले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ८६१.४ कोटी रुपयांचा होता. हा २०२१-२२ च्या अबंधित अनुदानाचा पहिला हप्ता होता. एरवी तो जूनमध्ये मिळाला असता. महामारी लक्षात घेऊन काही अटी शिथिल करून तो आधी देण्यात आला, आणि इतर बाबींबरोबर कोरोना प्रतिबंधासाठीही तो वापरता येईल असे स्पष्ट करण्यात आले. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: हा जास्तीचा पैसा नव्हता. वर्षभराच्या ताटातलाच घास आधी वाढला गेला होता.

राज्याच्या ग्रामविकास विभागाने त्याच सुमारास गावपातळीवर साधारण ३० खाटांचे विलगीकरण कक्ष उभारण्यासाठी या निधीच्या २५ टक्क्यांपर्यंत खर्च करण्यास मुभा दिली. त्यामुळे आपल्याकडच्या वादात ‘खर्च करता येत होता का’ हा प्रश्न उरत नाही. किती खाटा, किती दिवस, कोणत्या दराने आणि वस्तू आज कोठे आहेत, हे प्रश्न उरतात. गाद्या, पलंग, ऑक्सिमीटर आणि फवारणी पंप ही खरेदी जडवस्तूंच्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या, नोंदवहीत असलीच पाहिजे. ती नोंद मागावी. वस्तू चांगल्या स्थितीत असतील, तर उपकेंद्राला किंवा अंगणवाडीला देण्याचा ठराव आजही करता येईल.

याच्या आधी, २०२० मध्ये, जुन्या वित्त आयोगांच्या निधीवरील व्याजाची रक्कम जिल्हा परिषदांकडे जमा करून आर्सेनिक अल्बम-३० या होमिओपॅथी गोळ्या घेण्याच्या निर्णयावर राज्यभर टीका झाली होती. तो वाद वेगळा आहे आणि त्यातील पैसाही वेगळा आहे. दोन्ही एकत्र करून लेखापरीक्षणाकडे तक्रार केल्यास ती टिकणार नाही.

७. आरोग्यासाठी स्थानिक संस्थांना मोठा निधी जाहीर झाला होता. तो आमच्या ग्रामपंचायतीच्या खात्यात दिसत का नाही?

पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांना सुचवलेल्या ४,३६,३६१ कोटी रुपयांपैकी ७०,०५१ कोटी रुपये आरोग्यासाठी वेगळे ठेवले, हे खरे आहे. त्यांतील ४३,९२८ कोटी ग्रामीण आणि २६,१२३ कोटी नागरी भागासाठी आहेत. इमारत नसलेली उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे बांधणे, तपासणीच्या सोयी उभ्या करणे, तालुकास्तरावर सार्वजनिक आरोग्य पथके तयार करणे आणि उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करणे अशी कामे त्यात ठरलेली आहेत. नियोजनात स्थानिक संस्थांचा सहभाग असावा, ही आयोगाची मूळ कल्पना. प्रत्यक्षात कामांचे आराखडे आरोग्य यंत्रणेमार्फत होतात आणि ग्रामपंचायतीच्या खात्यात या पैशाची ओळ दिसत नाही. तरीही आपल्या उपकेंद्राचे काम कोणत्या वर्षाच्या आराखड्यात होते हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला लेखी विचारण्याचा अधिकार गावाला आहे.

८. टाळेबंदीत ग्रामसभा झालीच नाही, मग आमच्या गावाचा आराखडा कोणी मंजूर केला?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला, आणि तो सर्वांत महत्त्वाचाही आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमानुसार वार्षिक ग्रामपंचायत विकास आराखडा ग्रामसभेसमोर ठेवूनच पक्का व्हायला हवा. २०२० मध्ये संसर्ग टाळण्यासाठी राज्याने ग्रामसभा स्थगित केल्या. त्याच वर्षी मुदत संपलेल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुकाही लांबल्या. त्यांचे मतदान १५ जानेवारी २०२१ रोजी झाले आणि मधल्या काळात अनेक ठिकाणी प्रशासकांनी कारभार पाहिला. म्हणजे ज्या महिन्यांत गावाच्या गरजा सर्वाधिक वेगाने बदलत होत्या, त्याच महिन्यांत त्या मांडण्याची जागा बंद होती. काही गावांत जुनीच कामांची यादी पुढच्या वर्षात ढकलली गेली, तर काही ठिकाणी तालुक्याहून आलेल्या सूचनेप्रमाणे यादी भरली गेली.

संसर्गाच्या भीतीने सभा थांबवणे त्या वेळी योग्य होते. परंतु सवय मागे राहिली. आराखडा सदस्यांच्या मासिक सभेत ठरवायचा आणि ग्रामसभेत केवळ वाचून दाखवायचा, ही पद्धत निर्बंध उठल्यानंतरही अनेक गावांत चालू आहे, आणि गावाने सर्वांत आधी परत मिळवायची गोष्ट हीच आहे. त्या काळात परस्पर घेतलेले निर्णय नंतरच्या ग्रामसभेसमोर ठेवले गेले का, हे इतिवृत्तात पहावे. ठेवले नसतील, तर विषयपत्रिकेवर घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिली सभा तहकूब करून नंतर मोजक्या लोकांत विषय मंजूर करणे सोपे जाते. ते रोखण्याचा मार्ग एकच: पहिल्याच सभेला पुरेशा संख्येने हजर राहणे.

९. पथदिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे थकीत वीजबिल या निधीतून भरायला लावले. हे बेकायदा नाही का?

बेकायदा म्हणता येत नाही. अकराव्या अनुसूचीत वीजवितरणासह ग्रामीण विद्युतीकरण, पिण्याचे पाणी आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे विषय आहेत. शासनाने २०२१ मध्ये पथदिव्यांची बिले अबंधित निधीतून आणि पाणीपुरवठ्याची बिले पाण्यासाठीच्या बंधित निधीतून भरण्याचा मार्ग दाखवला, तो या चौकटीत बसतो.

परंतु नियमात बसणे आणि गावाच्या हिताचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पथदिव्यांच्या बिलाचा भार पूर्वी राज्याच्या अनुदानातून उचलला जात असे, आणि थकबाकी अनेक वर्षांची होती. महामारीनंतर गाव सावरावे म्हणून आलेल्या पैशातून जुने देणे फेडावे लागले, म्हणून सरपंच संघटनांनी राज्यभर विरोध केला. पथदिव्यांची वीज तोडली गेल्याने काही गावे अंधारात राहिली. प्रश्न ३ मधील उदाहरण पुढे नेऊन पाहा. अबंधित ४ लाखांपैकी दीड-दोन लाख थकबाकीत गेले, तर शाळेची दुरुस्ती, अंगणवाडीचे छप्पर आणि स्मशानभूमीची शेड यांत स्पर्धा लागते, आणि बहुधा तिन्ही मागे पडतात.

बिल भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. प्रत्येक ग्राहक क्रमांकाचे मीटर प्रत्यक्ष जाऊन पाहावे. सरासरीने आकारलेली बिले, काढून टाकलेल्या जोडण्यांवर चालू राहिलेली आकारणी आणि दुसऱ्या वस्तीचे मीटर आपल्या नावावर असणे, या चुका गावोगावी आढळतात. मीटरचे छायाचित्र आणि बिल यांचा तक्ता करून दुरुस्ती मागितली, तर पुढील महिन्यांचा भारही हलका होतो. मुद्दल, व्याज आणि विलंब आकार वेगवेगळे दाखवण्याचीही मागणी करावी.

१०. जलजीवन मिशन असताना पाण्यासाठी बंधित निधी कशाला?

जलजीवन मिशनमधून योजना उभी राहते. ती चालवायची ग्रामपंचायतीने. माणशी दररोज ५५ लिटर पाणी देणारी योजना मोटारीची दुरुस्ती, क्लोरिन आणि वीज यांच्या खर्चाअभावी बंद पडल्याची उदाहरणे आपल्याला माहीत आहेतच. बंधित निधी देखभालीला वापरता येतो. तसेच स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचरा आणि सांडपाण्याच्या कामांचा ७० टक्के खर्च मिशनमधून आणि ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून करायचा असतो. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी मिशनची मर्यादा घनकचऱ्याला माणशी ६० रुपये आणि सांडपाण्याला माणशी २८० रुपये आहे. हा हिशेब न करता संपूर्ण गटार बंधित निधीतून बांधले, तर गावाचा मिशनमधील वाटा वाया जातो.

११. आमच्या गावात पाण्याची सोय पूर्ण झाली आहे. पाण्याचा बंधित निधी रस्त्याला वळवता येईल का?

रस्त्याला नाही. बंधित निधीच्या दोन बाबींपैकी एकीची गरज पूर्णपणे भागली असेल, तर तो पैसा दुसऱ्या बाबीला, म्हणजे आपल्या बाबतीत स्वच्छतेला, वापरता येतो. गरज भागल्याचे ग्रामसभेने प्रमाणित करावे लागते आणि वरिष्ठ कार्यालयाची पुष्टी लागते. उन्हाळ्यात टँकर येत असताना ‘पाण्याची गरज पूर्ण’ असा ठराव करू नये.

१२. पंचायत समिती सांगते की त्यांच्याकडे वित्त आयोगाचा पैसाच नाही. १० टक्के वाटा गेला कुठे?

आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठी असते. महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि गट-गणांची (मतदारसंघांची) रचना यांवरील वाद न्यायालयात राहिल्याने निवडणुका झाल्या नाहीत आणि तेथे प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत तीन वर्षे उलटली होती. लोकनियुक्त सभागृह नसल्याने या संस्थांचे हप्ते अडले.

घटनेचा अनुच्छेद २४३ई पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्यास सांगतो. तो पाळला न गेल्याची किंमत दोन गावांना जोडणारे रस्ते, तालुक्याचे दवाखाने आणि सामायिक कचरा प्रकल्प यांनी मोजली, कारण ही कामे एकटी ग्रामपंचायत करू शकत नाही. जेथे ग्रामपंचायतीची निवडणूक लांबली, तेथेही हाच नियम लागू होतो.

१३. हप्ता राज्याकडे आला, पण गावाला उशिरा मिळाला. काही दाद आहे का?

केंद्राकडून रक्कम मिळाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत ती स्थानिक संस्थांना वर्ग करणे राज्यावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास राज्याने व्याजासह रक्कम द्यायची असते. मात्र अनेकदा अडथळा गावातच असतो: आराखडा प्रणालीवर चढवलेला नसतो किंवा मागील वर्षाचा लेखा बंद केलेला नसतो. सरपंच आणि ग्रामसेवक यांपैकी एकाच्या डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलची मुदत संपली असेल, तर रक्कम खात्यात पडून राहते आणि ठेकेदाराचे देयक थांबते. (२०२४ पासून ग्रामसेवक हे पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ या नावाने ओळखले जाते.) वरिष्ठांकडे तक्रार करण्यापूर्वी या तीन गोष्टी तपासाव्यात.

१४. माझे पती कोरोनात गेले. ग्रामपंचायत या निधीतून मला मदत देऊ शकते का?

वित्त आयोगाच्या निधीतून व्यक्तीला रोख मदत देता येत नाही. कोरोना मृत्यूसाठीचे ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दिले गेले. ऑगस्ट २०२१ पासून राज्याने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. त्यात तालुकास्तरावर तहसीलदारांच्या समितीमार्फत विधवा महिला आणि अनाथ बालकांना योजनांचा लाभ मिळवून देणे अपेक्षित आहे.

तरीही ग्रामपंचायत खूप काही करू शकते, आणि त्याला पैसाही लागत नाही. घराच्या नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) उताऱ्यावर आपले नाव लागले आहे का, हे प्रथम पाहावे. पतीच्या निधनानंतर अनेक घरांत उतारा सासऱ्यांच्या किंवा दिरांच्या नावाने वळवला गेला आणि बाईला पुढे घरकुल, कर्ज किंवा वीजजोडणी मिळवताना अडचण आली. वारस नोंदीचा अर्ज मृत्यू दाखल्यासह लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखीव असते. शिलाई प्रशिक्षण, मुलींच्या शाळेच्या सायकली अशा बाबींवर ती खर्च होते, आणि त्या यादीत कोरोनाने एकल झालेल्या महिलांना प्राधान्य देण्याचा ठराव करता येतो. हा ठराव मांडण्यासाठी महिला सभा ही योग्य जागा आहे.

१५. महामारीच्या दोन वर्षांची घरपट्टी ग्रामपंचायतीने माफ का केली नाही?

कर माफ करण्याचा असा सर्वसाधारण अधिकार ग्रामपंचायतीला नाही. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कराची सूट मिळाली, ती राज्याच्या निर्णयाने. ती गावांना लागू नाही. हप्ते पाडून घेणे शक्य आहे. सदस्यांनी मात्र सावध राहावे: बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत थकबाकी न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार अपात्र ठरू शकतो. वित्त आयोगाचा पैसा कितीही आला तरी सफाई कामगाराचे वेतन त्यातून करता येत नाही, त्याला स्वउत्पन्न लागते (प्रश्न ३), म्हणून घरपट्टी थकली की सर्वांत आधी त्याचा पगार थकतो. महामारीत ज्यांनी रस्त्यांवर फवारणी केली आणि मृतदेह उचलले, त्यांचेच पगार पुढे महिनोन्‌महिने रखडावेत, हे कोणत्याही गावाला शोभत नाही.

१६. आमचे गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित क्षेत्रात) आहे. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी आणि हा निधी एकच का?

नाहीत. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पाच टक्के अबंध निधी राज्याचा आहे आणि तो ग्रामसभा कोष समितीमार्फत खर्च होतो. वित्त आयोगाचा निधी त्याव्यतिरिक्त मिळतो. एकाच पाड्याची विहीर दोन्ही हिशेबांत दाखवली असल्याची शंका असेल, तर दोन्हींचे ठराव समोरासमोर ठेवून पाहावेत.

१७. नगरपालिका आणि महानगरपालिकांना हेच नियम आहेत का?

अंशतः. २०२१-२६ साठी नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये सुचवले गेले. त्यांपैकी ३८,१९६ कोटी दहा लाखांहून मोठ्या नागरी समूहांसाठी आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) हे समूह त्यात येतात. या समूहांच्या अनुदानाचा एक तृतीयांश भाग हवेची गुणवत्ता सुधारण्यासाठी आणि उरलेला पाणी, स्वच्छता व घनकचरा यांसाठी असतो. लहान शहरांना मात्र गावांप्रमाणेच ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित निधी मिळतो. शहरांना आणखी एक अट आहे: मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे आणि वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या वेगाने वाढवणे.

१८. गोव्यात पंचायत समितीच नाही. मग तिचा वाटा कोणाला?

वीस लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा अनुच्छेद २४३ब देतो. म्हणून गोव्यात ग्रामपंचायती आणि दोन जिल्हा पंचायती एवढेच स्तर आहेत. अशा राज्यांत ग्रामपंचायतींना ७० ते ८५ टक्के आणि जिल्हा पंचायतींना उरलेला वाटा मिळतो.

१९. आमच्या गावात किती पैसे आले आणि कशावर गेले, हे घरबसल्या कसे पाहू?

ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीतच, सुरू झाले आणि ते पाहायला लॉगिन लागत नाही. वर्ष, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत निवडल्यावर मंजूर आराखडा, जमा रक्कम आणि खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) दिसतात. आराखड्यातील कामाचे नाव आणि प्रमाणकातील तपशील शेजारी ठेवून वाचावा. आराखड्यात ‘मागासवर्गीय वस्तीत बंदिस्त गटार’ असेल आणि प्रमाणकात ‘कचराकुंडी खरेदी’ किंवा ‘पेव्हर ब्लॉक’ असेल, तर मधल्या बदलाचा ठराव मागावा. एकाच दिवशी, एकाच पुरवठादाराला, थोड्या-थोड्या रकमांची अनेक देयके गेली असतील, तर निविदेची मर्यादा टाळण्यासाठी काम तोडले गेले का, हे विचारावे.

कागद मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्कासह द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘सर्व माहिती’ न मागता वर्ष, कामाचे नाव, मोजमाप पुस्तिका, देयक आणि कामापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र असे नेमके लिहावे.

२०. न वापरलेला पैसा परत जातो का?

ग्रामपंचायतीच्या खात्यात आलेली रक्कम आर्थिक वर्ष संपले म्हणून आपोआप परत जात नाही. मात्र या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा आहे, आणि २०२६-२७ पासून अरविंद पानगढिया यांच्या अध्यक्षतेखालील सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. जुनी शिल्लक असलेल्या गावांनी ती बंधित किती व अबंधित किती हे वेगळे काढून, कोणत्या ठरावातील कोणते काम अपुरे आहे याची यादी करावी आणि ती पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला घ्यावी. मार्चअखेर घाईने केलेली दिवे, कुंड्या आणि बाके यांची खरेदी लेखापरीक्षणात सर्वाधिक आक्षेपांना पात्र ठरते. त्यापेक्षा शिल्लक दाखवून ती आराखड्यातील कामावरच खर्च करणे योग्य.